नैरोबी ते दार

"मी आता जे सांगनार हाय ते कुणाला पटायचं न्हाई, तवा पटवून घ्यायच्या भानगडीत कुणी पडूच नका," असं म्हणून गुंडूअण्णानं मांडी बदलली, आणि शेवंतीनं ओळखलं की आता तासाभराची निश्चिंती झाली.

गुंडूअण्णाची ही सुरुवात बहरीनमधल्या हूऱ्याच्या वस्तीतल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना पाठ होती. सकाळी अंडं खाल्लं एवढंच सांगायचं असलं तरी तो आधी हेच म्हणायचा, आणि पाच मिनिटांत ते अंडं शहामृगाचं निघायचं. दहा मिनिटांत त्या शहामृगानं त्याचा पाठलाग केलेला असायचा. शेवटी शहामृग थकायचं, गुंडूअण्णा नाही.

शुक्रवारची दुपार होती. नमाज होऊन गेलेली. जमालुद्दीन शिंप्यानं दुकानाचं शटर कमरेइतकं खाली ओढून ठेवलं होतं, म्हणजे बाहेरच्याला दुकान बंद वाटावं आणि आतल्याला हवा मिळावी. आत एक मशीन, एक पंखा, कापडाच्या चिंध्यांचा ढीग आणि त्या ढिगावर बसलेली रिकामी माणसं. सुट्टीच्या दिवशी ज्यांना कुणी विचारत नाही अशी सगळी इथं येऊन बसत आणि एकमेकांना विचारत. त्यांत गणपत सुतार पुढे. आठवडाभर दुसऱ्यांच्या घराची कपाटं बनवून आलेला हा माणूस शुक्रवारी तोंड उघडं टाकून अण्णाचं ऐकत बसायचा. ते उघडं तोंड बघून शेवंतीला वाटायचं, याला एखादी फळी मारून ठेवावी.

ती काही ऐकायला आली नव्हती. तिच्या मालकिणीचा, बेनिटाबाईंचा, लग्नात घालायचा गाऊन घ्यायला आली होती. खालची घडी तेवढी मारायची राहिली आहे, पाच मिनिटं बसा, असं जमालुद्दीननं सांगितलं होतं. जमालुद्दीनच्या पाच मिनिटांत माणसाचं जेवण करून भांडी घासून होतात, हे तिला ठाऊक होतं. बसली.

अण्णाची आजची गोष्ट जिराफाची होती. नैरोबीला विमान धावपट्टीवर उभं असताना एक जिराफ चालत चालत आलं, त्यानं खिडकीतून मान आत घातली आणि हवाई सुंदरीच्या हातातल्या तबकातलं केळं उचललं. एवढ्यावर थांबतो तो अण्णा कसला. जिराफानं केळं सोललं. सालपट परत तबकात ठेवलं. "लई सभ्य जनावर," असं अण्णा डोळे मिटून म्हणाला, जणू त्या जिराफाशी पुढं त्याचा पत्रव्यवहार राहिला असावा.

विमानाची खिडकी उघडत नाही हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्रत्येक जण मुंबईहून बहरीनला विमानातूनच आला होता, आणि त्यातल्या निम्म्यांनी ती खिडकी उघडते का बघण्यासाठी तिला ढोसलंही होतं. पण कुणी बोललं नाही. बोललं तर गोष्ट बंद पडायची, आणि मग चिंध्यांवर बसून एकमेकांची तोंडं बघण्याखेरीज काय उरणार.

गुंडूअण्णा आजऱ्याकडचा. पंचावन्नच्या पुढचा, केस काळे केलेला, अंगानं आडवा. हूऱ्यातल्या एका हॉटेलची गाडी चालवायचा. परदेशी कंपन्यांच्या विमानांवरची माणसं, त्यांत काही हिंदी बोलणारीही, रात्रीच्या मुक्कामाला त्या हॉटेलात उतरत. त्यांना मुहर्रकच्या विमानतळावरून आणायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथं नेऊन सोडायचं, एवढं त्याचं काम. दिवसातून चार वेळा तो विमानतळावर जाई आणि चारही वेळा विमानं कुंपणाच्या अलीकडून बघून परत येई. हॉटेलनं दिलेली सोनेरी काठाची टोपी तो सुट्टीच्या दिवशीही घालायचा. बहरीनला येण्याआधी आपण तीन वर्षं आफ्रिकेत होतो, असं त्याचं म्हणणं. कुठल्या साली, कुठल्या कंपनीत, ते कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या कंपनीचा मालक सिंहानं खाल्ला असं उत्तर मिळालं असतं, आणि पुढचा शुक्रवार त्या सिंहात गेला असता.

शेवंतीला या माणसाचा उबग होता. खोटं बोलतो म्हणून नव्हे. बेनिटाबाई रोज फोनवर चार खोटी बोलत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उबग याचा होता की खोटं बोलून झाल्यावर अण्णा समोरच्याकडे असं बघायचा, जसं काही समोरच्यानं जन्मात काही बघितलंच नाही. आणि तरीही आज जिराफाचं केळं खाऊन संपेपर्यंत ती गप्प बसली होती, कारण तिला त्याच्याकडून एक गोष्ट काढून घ्यायची होती.

गोष्ट अशी होती. बेनिटाबाईंच्या भावाचं ईस्टरनंतर नैरोबीला लग्न होतं. आल्बर्टसाहेब, बाई आणि आठ महिन्यांची पर्ल असे तिघे दहा दिवसांसाठी निघाले होते, आणि पर्लला सांभाळायला शेवंती. आफ्रिका म्हटल्यावर शेवंतीच्या हातातली बाटली खाली पडली होती. कारण तिची धाकटी बहीण मालू आफ्रिकेत होती.

मालू बारा वर्षांपूर्वी मुंबईहून बोटीनं गेली. एका गुजराती शेठच्या घरी मुलं सांभाळायला. शेठची मुलं मोठी झाली, मग शेठच्या भावाची झाली, मालू तिथंच. तिला सुट्टी अशी मिळालीच नाही. पोहोचल्यावर तिचं पहिलं पत्र आलं ते शेवंतीनंच आईला वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं, मी दारला सुखरूप पोचले. आई म्हणाली, कुणाच्या दारला गं? आत घेतलं का न्हाई कुणी? आणि पोरगी परमुलखात कुणाच्या तरी दारात उभी आहे या कल्पनेनं तिनं दुसरं पत्र येईपर्यंत धड अन्न घेतलं नाही. दुसऱ्या पत्रात मालूनं खुलासा केला. दार हे गावाचं नाव आहे, पूर्ण नाव दार-ए-सलाम, पण इथं सगळे नुसतं दार म्हणतात. त्यानंतर आई शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमची मालू दारला असते. शेजारीण दाराकडे बघायची.

ती आई गेल्या साली गेली. शेवंती बहरीनमध्ये, मालू दारला. दोघींना तारा मिळाल्या तेव्हा आईचा तेरावा होऊन गेला होता.

म्हणून शेवंतीनं बाईंना विचारलं होतं की नैरोबीला गेल्यावर एक दिवस मला बहिणीकडे जाऊन येऊ द्याल का, भाड्याचं माझं मी बघते. बाईंनी आपला शाळेतला जुना नकाशा काढला, टेप लावली आणि दीड इंच भरलं. म्हणजे चारशे मैलांच्या वर, म्हणाल्या, आणि देशही दुसरा. शेवंतीनं मनात गावची वाट मोजली. आजरा ते मुंबई चारशे मैल भरत नाही, आणि तरी एसटीनं एक रात्र आणि वर अर्धा दिवस खातं. बाई म्हणाल्या, थेट विमान असलं तर गोष्ट वेगळी, पण तिथली विमानं कुठं कुठं फिरत जातात देव जाणे. मग त्यांनी बोट वर करून सांगितलं, "हे बघ शेवंती, लग्नानंतरचा बुधवार तुझा. सकाळी जायचं आणि रात्री पर्ल झोपायच्या आत परत. तेवढ्यात होत असेल तर साहेब उद्या सातला तिकिटं काढायला जातायत, तुझंही काढतील. नसेल होत तर विषय क्लोज."

ते त्यांनी गुरुवारी सांगितलं होतं, म्हणजे 'उद्या' धरून चालणार नव्हतं. शुक्रवारी तिकिटांची ऑफिसं बंद. साहेब शनिवारी सकाळी जाणार. शेवंती गुरुवारी संध्याकाळीच बाब अल बहरीनच्या वेशीजवळच्या एका तिकिटाच्या दुकानात गेली. काचेमागच्या माणसानं तिच्या पायातल्या सपाता बघितल्या, जाड पुस्तक होतं ते मिटलं आणि साहेबाला पाठव म्हणाला. नुसतं किती वेळ लागतो तेवढं सांगा, ती म्हणाली. "मफी टाइम," तो म्हणाला. त्या शब्दाचा अर्थ त्याच्याकडे वेळ नाही असा होता, पण शेवंती घरी येईपर्यंत विचार करत राहिली की नैरोबी ते दार मोजायला वेळच नाही असं तर त्याला म्हणायचं नसेल.

तेव्हा आता उरला होता गुंडूअण्णा. खोटारडा खरा, पण खोटारडा माणूस आफ्रिकेला गेलाच नसेल असं थोडंच आहे? पुष्कळ खोटारडे पुष्कळ ठिकाणी जाऊन आलेले असतात.

जिराफ जंगलात परत गेल्यावर तिनं विचारलं, "अण्णा, नैरोबीसनं दार-ए-सलाम किती लांब?"

अण्णानं डोळे उघडले. गोष्टीच्या मध्येच प्रश्न आलेला त्याला आवडत नसे, त्यातून बाईचा.

"कुणाला जायाचंय?"

"मला. माझी बहीण हाय तिथं. इमानानं किती येळ लागतोय?"

गणपतनं बिडी तोंडातून काढली आणि तो हसला. हसण्यासारखं त्यात काय होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. घरकाम करणारी बाई आणि विमानानं बहिणीकडे, एवढं त्याला पुरलं. शेवंतीनं त्याच्याकडे एकदा बघितलं. तो हसायचा थांबला, पण बिडी परत तोंडात घालताना त्यानं उलट्या बाजूनं घातली.

अण्णानं छताकडे बघून बोटं मोजली. एक बोट दुमडलं, ते पुन्हा उघडलं, दुसरं दुमडलं.

"दोन दिस," तो म्हणाला.

"इमानानं?"

"इमानानंच सांगतोय. चालत म्हनलीस तर चार म्हैनं."

मग त्यानं ते दोन दिवस भरून दाखवले. पहिल्या दिवशी विमान जंगलात उतरतं, पेट्रोल घ्यायला. तिथं रात्र. माणसांनी खाली उतरायचं नाही, कारण खाली वाघ. दुसऱ्या दिवशी एका तळ्याकाठी उतरतं, तिथं पाणघोडे धावपट्टीवर ऊन खात पडलेले असतात आणि ते मनानं उठेपर्यंत कुणी त्यांना उठवायचं नाही असा सरकारी नियम आहे. बाईमाणसाचं ते काम नाही. त्यानं स्वतः एकदा केलं म्हणून जमलं. गणपत म्हणाला, बहिणीला चार ओळींचं पत्र टाका, त्यात भागतं. चिंध्यांवरच्या दुसऱ्या दोघांनी माना डोलावल्या. त्यांची घरी जाणारी पत्रं जमालुद्दीन लिहून द्यायचा.

हा माणूस खोटं बोलतोय असं शेवंतीचं एक मन सांगत होतं, आणि दुसरं सांगत होतं की बाईही हेच म्हणाल्या, विमानं फिरत जातात. पाणघोडे काढून टाकले तरी एक दिवस उरतोच. एक दिवस जायला, एक यायला, आणि बुधवार एकच. जमालुद्दीन गाऊनची घडी मारत होता, गुलाबी कापड मशीनखालून पुढं सरकत होतं, आणि शेवंती त्याच्याकडे बघत मनातल्या मनात बाईंना सांगायचं वाक्य जुळवत होती. नाही होत म्हणे. विषय क्लोज.

अण्णाला मात्र आता रंग चढला होता. बाई गप्प झाली म्हणजे तिला पटलं, असं मानणाऱ्यांपैकी तो होता. तो पुन्हा नैरोबीला गेला. तिथं उतरल्यावर घड्याळ पाच तास मागं करावं लागतं, म्हणाला. आपण एकदा विसरलो, तर दुपारचं जेवण दोनदा जेवलो.

शेवंतीची मान वर झाली. बेनिटाबाईंनी परवाच फोनवर नैरोबीच्या वहिनीला विचारून घेतलं होतं, आणि मग शेवंतीला सांगितलं होतं की पर्लच्या दुधाच्या वेळा बदलायच्या नाहीत, तिथलं घड्याळ आणि इथलं घड्याळ एकच आहे. बरं. म्हणजे नैरोबीच्या घड्याळाकडे या माणसानं कधी बघितलेलं नाही. दोन दिवसांपैकी किती दिवस आता उरले, याचा ती अंदाज घेऊ लागली.

अण्णा पुढं गेला. नैरोबीचा विमानतळ म्हणजे काय वाटला तुम्हाला, म्हणाला, मुहर्रकचा विमानतळ तिथल्या मुतारीत मावेल. विमान टेकलं की माणसांना गाडीत बसवतात. साधी गाडी नव्हे. पट्टे बांधायला लावतात. आणि ती गाडी निघाली की उजव्या हाताला डोंगर दिसतो, त्याच्या डोक्यावर बर्फ.

इथं मात्र गणपतनं बिडी खाली ठेवली.

"अण्णा, बर्फ?"

"बर्फ."

"आफ्रिकेत?"

"डोंगराच्या टाळक्यावर. पांढराफेक."

मंडळी हसली. चांगली खदखदून हसली. जिराफानं केळं सोललं तेव्हा कुणी हसलं नव्हतं, पाणघोड्यांचा सरकारी नियम सगळ्यांनी मान खाली घालून ऐकला होता, आणि आफ्रिकेतला बर्फ म्हटल्यावर त्यांना आपली अक्कल आठवली. जमालुद्दीननंही मशीन थांबवलं आणि म्हणाला, अण्णा, हे जरा जास्त झालं, बर्फ आमच्या शेजारच्या कोल्ड स्टोरेजमध्येसुद्धा टिकत नाही. अण्णाचं तोंड लहान झालं. तो पहिल्यांदाच गोंधळला. आपल्या इतक्या वर्षांच्या धंद्यात नेमकं याच मालाला गिऱ्हाईक का नाही, हे त्याला कळेना.

हसली नाही ती एकटी शेवंती. मालूनं एका दिवाळीला कॅलेंडर पाठवलं होतं, त्यावर पुढं हत्ती आणि मागं पांढऱ्या डोक्याचा डोंगर. ते कॅलेंडर जुनं झालं तरी शेवंतीनं टाकलं नव्हतं. बेनिटाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या तिच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं होतं. मालूनं खाली लिहिलं होतं, हा डोंगर आमच्या देशात आहे, वर बारा महिने बर्फ.

म्हणजे बर्फ खरा. डोंगर खरा. आणि या माणसाच्या तोंडून खरं निघालं, तेही त्याला नको असताना. शेवंतीला वाटलं, पाण्यात पडलेला रुपया दिसावा तसं काहीतरी दिसलं. खोटं हा माणूस स्वतः बनवतो, त्यात काही शंका नाही. पण बर्फ काही त्यानं बनवला नव्हता. बनवायला तेवढं डोकं लागतं. मग तो त्याला कुणी दिला?

"मी सांगतो ते खरं हाय," अण्णा रागानं म्हणाला. "तिथली मानसं येताजाता सांगत असत्यात. अगदी हिंदीत सांगत्यात. 'नैरोबी से दार एक घंटा दस मिनट, राइट साइड में बरफ का पहाड'. आता बोला."

"म्हणजे काय?" गणपतनं विचारलं.

"म्हंजे काय म्हंजे? इमान टेकल्यापास्नं इमानतळाच्या दारापतुर गाडीला एक तास धा मिन्टं लागत्यात. एवढा मोठा इमानतळ. आन तेवढ्या वाटंत उजवीकडं डोंगुर."

"दारापर्यंत तासभर?" गणपतचं तोंड पुन्हा उघडलं. बर्फावरून उठलेलं त्याचं बंड तिथंच मोडलं. एवढ्या मोठ्या विमानतळाला एखादा डोंगर असायचाच, असं त्यानंच शेजारच्याला समजावून सांगितलं.

बहरीनमध्ये पाच वर्षं शेवंती भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, शेजारच्या केरळी बायकांशी हिंदीच बोलत होती. पर्लची गाडी लिफ्टमध्ये घालताना रोज म्हणत होती, दरवाजा पकडो. आईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला, कुणाच्या दारला गं म्हणणारा. जगाच्या पाठीवर हा घोटाळा फक्त आपल्या भाषेतलं माणूस करू शकतं, आणि तेही असं माणूस की ज्यानं ते गाव बघितलेलं नाही.

तिला उठून जावंसं वाटलं. पण ती उठली नाही. हा माणूस म्हणजे भरलेलं पोतं आहे, तिनं विचार केला, आणि तोंड आता उघडलंय तर खाली हात धरावा. तिनं पदर नीट केला, आवाजात होतं नव्हतं तेवढं लोणी घातलं आणि म्हणाली, "अगं बाई. एवढा मोठा? मग अण्णा, त्या गाडीत खायला-प्यायला काय देत्यात?"

अण्णा फुलला. गणपतसारखी माणसं तोंड उघडून ऐकतात, पण प्रश्न विचारणारं माणूस गोष्टीला नशिबानं भेटतं.

"चा आन बिस्कुट. ते बी पळापळीत. पट्टा सोडला, चा पिला, पट्टा बांदला, की आलं दार. जेवान द्यायला येळच पुरत न्हाई."

"आणि मधी कुटं थांबत न्हाई?"

"छ्या. डायरेक."

"सुटतीया कवा?"

"सकाळी सातला." हे त्यानं विचार न करता सांगितलं, आणि तो विचार करत नव्हता म्हणूनच शेवंतीला ते सोन्यासारखं वाटलं. विचार करायला लागला की हा पाणघोडे घालतो.

"आणि माघारी?"

"संध्याकाळी साडेपाचला दारातनं निघायची. पावणेसातच्या आत नैरोबीत. रातचा मुक्काम नैरोबीतच."

गणपतला इथं एक शंका आली. त्याला शंका येणं हे दुपारचं मोठंच नवल होतं. दारापर्यंत गेलेली माणसं परत विमानाकडे कशाला येतात, असं त्यानं विचारलं. अण्णानं त्याच्याकडे दयेनं बघितलं. ज्यांचं सामान विमानात राहिलेलं असतं त्यांच्यासाठी, म्हणाला. गणपतला ते पटलं. एक तास दहा मिनिटं जाऊन, दिवसभर दारात बसून, संध्याकाळी छत्री आणायला परत निघालेली माणसं त्याला डोळ्यांपुढं दिसली असावीत, कारण तो हळहळला.

"रोज असती का ही गाडी?" शेवंतीनं विचारलं.

"मंगळवार आन शनवार न्हाई."

"बुधवारी?"

"बुधवारी हाय म्हंजे काय, बुधवारी गर्दी असती."

तिनं मांडीवर बोटं मोजली. सकाळी सात. आठ वाजून दहा मिनिटांनी दार. साडेपाचपर्यंत नऊ तास वीस मिनिटं. त्यातले तीन तास विमानतळांच्या मर्जीला दिले, कारण सगळीकडे एक काचेमागचा माणूस असणारच. उरले सहा. बारा वर्षांनी सहा तास. मालूला पत्र जायला वेळ नव्हता, पण बाईंच्या भावाकडे फोन होता आणि मालूच्या शेठकडेही. पावणेसातला नैरोबी, आठला घरी. पर्ल साडेआठला झोपते.

आणि याच माणसानं घटकाभरापूर्वी तेच दोन दिवस केले होते. छताकडे बघून, बोटं दुमडून. माहीत नाही म्हणायला त्याला काय झालं होतं? चार अक्षरांनी त्याच्या टोपीचा काठ उसवला असता का? तिनं ते पटवून घेतलं असतं, घरी जाऊन विषय क्लोज केला असता, आणि हा पुढच्या शुक्रवारी इथंच बसून जिराफाला दुसरं केळं खायला घालत असता.

तरीही ती काही बोलणार नव्हती. हवं ते मिळालं होतं. असल्या माणसाचं खोटं पकडून आपल्या हाताला घाण का लावून घ्या, असा तिचा विचार होता. जमालुद्दीननं दातानं दोरा तोडला, गाऊनची घडी घातली आणि कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला. ती उठली, शटरखालून वाकायला निघाली.

तेवढ्यात जमालुद्दीन म्हणाला, "मग शेवंताबाई, तुमचं दार-ए-सलामचं राहिलंच म्हणायचं." त्याचा स्वर चांगला होता. खरोखरीच वाईट वाटल्यासारखा.

उत्तर अण्णानं दिलं. तिला विचारलेलं होतं, दिलं त्यानं. टोपी सरळ केली आणि म्हणाला, "राहिलंच. म्या तिथली माती तुडवलीया म्हनून सांगतो. नैरोबी ते दार-ए-सलाम दोन दिस, त्यात एक मिनिट कमी व्हायचं न्हाई. हिला काय, हिनं जन्मात काय बघितलंय?"

शेवंती वाकलेली सरळ झाली. गाऊन तिनं काखेत धरला आणि शटरला पाठ लावून उभी राहिली. गणपतचं तोंड उघडंच होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "हिंदी बोलणारं माणूस दाराला दरवाजा म्हनतं. तुमच्या गाडीत मागं बसून कुणीतरी जे दार म्हनलं, तेच माझ्या बहिणीचं दार-ए-सलाम. इमानानं एक तास धा मिन्टं, सकाळी सातला, बुधवारी सुदीक. तुमीच आता मोजून दिलासा. आफ्रिका मातूर तुमी त्या गाडीच्या आरशातच बघितलीसा."